पेटी कोपऱ्यात, सायकल दारात

दसऱ्याला घरातल्या कोणत्या वस्तूला किती फुले मिळतात, यावरून त्या घराचा कल ओळखावा. यंदा देवरुखात सोने वाटायला चार घरी गेलो, तेव्हा त्यांतल्या दोन घरी अगदी सारखाच देखावा दिसला. पडवीत सायकल उभी. पुसूनपासून लख्ख केलेली, हँडलला झेंडूची घसघशीत माळ, पुढच्या चाकाशी फोडलेला नारळ. आणि आत माजघरात, कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली पेटी. तिलाही फूल वाहिले होते. एकच.

पूजेत असा पंक्तिप्रपंच झाला म्हणून पेटी काही तक्रार करीत नाही. भाता हलवल्याशिवाय ती बिचारी बोलणार कशी? पण ज्या घरातून दिवेलागणीला सूर ऐकू येत, तिथून आता पहाटे पाचला चाकात हवा भरण्याचा फुसफुस आवाज येतो, ही गोष्ट नोंद करून ठेवण्यासारखी खास आहे. निदान देवरुखात तरी.

ज्या वाचकांनी देवरूख पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगमेश्वर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वरला वळायचे आणि सह्याद्रीकडे तोंड करून सतरा-अठरा किलोमीटर आत यायचे. समोर डोंगराची भिंत, तिच्या कुशीत मार्लेश्वराची गुहा आणि धबधबा. दुसऱ्या अंगाला साखरपा आणि तिथून कोल्हापूरकडे चढणारा आंबा घाट. यात सपाट रस्ता म्हणून कुठे शोधाल तर तो क्रीडांगणावरच सापडेल. त्यामुळे सायकल हे वाहन इथल्या माणसाला फारसे कधी परवडले नाही; पैशाने नव्हे, छातीने. पुण्याचा माणूस सायकलवर बसून कचेरीत जाई. आमच्याकडे अर्धा रस्ता माणसाने सायकलवर बसायचे आणि उरलेला अर्धा सायकलीने माणसाबरोबर चालायचे, असा करार होता. तासाच्या भाड्याने सायकल आणून पोरे शिकत, गुडघे फोडून घेत, आणि पुढे मुंबईला चाकरीला गेली की विसरून जात.

वाद्यांचे मात्र अगदी उलट. या तालुक्यात वाडी म्हटली की तिथे काहीतरी वाजतेच. शिमग्यात पालखीपुढे ढोल आणि सनई, नमन-खेळ्यांचा मृदंग, जाखडीची ढोलकी, भजनाला पेटी आणि पखवाज. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते, ते काय मुक्याने लागते? पेटीचे प्रेम तर या जिल्ह्याच्या हाडीमासी खिळलेले. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) हे याच जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्याचे, अडूरचे. नाट्यगीत पेटीतून शब्दांसकट ऐकू येते असे लोक म्हणत, ते त्यांच्या बोटांविषयी. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार लावून घेतले. हिच्यावर मींड निघत नाही, हिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे आरोप तिच्यावर होते. ते दार किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. त्या एकतीस वर्षांत कोकणातल्या एकाही देवळातून पेटी हलली नाही. सरकारी बंदीला पुरून उरलेले हे वाद्य सायकलीपुढे मात्र हटले म्हणायचे.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, कारण ते हा अंक विकत घेऊन वाचतात. आपण त्यांना पेटीमास्तर म्हणू. पस्तीस वर्षे त्यांनी कीर्तनाला, नाट्यगीतांच्या बैठकीला, गणपतीतल्या आरत्यांना आणि शाळेच्या संमेलनाला पेटीची साथ केली. बिदागी कधी मिळाली, कधी नारळावर भागले. निवृत्तीनंतर रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितले. गुडघ्यांनी नकार दिला. पुण्याला असलेल्या मुलाने गिअरची सायकल पाठवून दिली. गिअर म्हणजे चढावर पायांना मिळणारी सवलत. चाक सावकाश फिरते, पण माणूस खाली उतरत नाही. पहिल्या महिन्यात मास्तर बाजारापर्यंत गेले, दुसऱ्या महिन्यात आंगवलीपर्यंत, आणि वर्ष उलटायच्या आत मार्लेश्वराच्या पायथ्याशी जाऊन परत आले. जाऊन-येऊन पस्तीस-छत्तीस किलोमीटर होतात. त्या दिवशी वहिनींनी त्यांची दृष्ट काढली.

आनंदाचीच गोष्ट. साखर उतरली, पोट उतरले. पण त्याबरोबर पेटीही उतरली, म्हणजे मांडीवरून खाली उतरून कपाटावर चढली. याचा पहिला पत्ता लागला तो मास्तरांच्या तबलजींना. पस्तीस वर्षांतली पंचवीस वर्षे हे दोघे शेजारी शेजारी बसलेले. एके दिवशी बाजारात गाठ पडली तेव्हा मी तिथेच होतो.

“काय हो मास्तर, गुरुवारी बैठकीला येताय ना?”

“बघतो हो. शुक्रवारी पहाटे आंबा घाटाचं ठरलंय. रात्री जागरण नको.”

तबलजी काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतली कोथिंबीर सारखी केली आणि निघून गेले.

आता माझा स्वभाव पडला खोचक. मी मास्तरांना पडवीत गाठून सरळ विचारले, की पस्तीस वर्षांची पेटी सोडवली तरी कशी? मला वाटले होते, ते प्रकृतीचे कारण पुढे करतील. ते म्हणाले, “अहो, गेल्या पाच वर्षांत माझी पेटी सुधारली की बिघडली, हे मला कोण सांगणार? ऐकणारे ‘वा’ म्हणतात, ते गाणाऱ्याला. सायकल सांगते. परवापर्यंत मी साखरप्याच्या वाटेवरचा चढ तीनदा थांबून चढायचो. यंदा न थांबता चढलो. त्यात कुणाची मेहरबानी नाही.” मग थोडे थांबून, चेनवरचा चिखल काडीने काढत म्हणाले, “आणि दुसरं म्हणजे, साथ करणारा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या मागून जातो. गाणारा जाईल तिकडे. सायकलवर मी जाईन तिकडे.”

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. वाद्य सोडणाऱ्याला आपण आळशी म्हणतो, नाहीतर चंचल म्हणतो. पण पेटी आणि सायकल या दोघींची मागणी एकच असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. दोघींनाही दिवसाचा तोच ताजा तास हवा असतो, रोज हवा असतो, आणि घरातल्या इतर माणसांनी त्या वेळी हाक मारू नये अशी दोघींचीही अट असते. फरक पडतो तो फळात. रियाजाचे फळ कधी दिसेल याची हमी नाही. सायकलीचे फळ महिन्याभरात मोजून हातावर ठेवतात, आणि आता तर हँडलवर चिकटवलेले इवलेसे यंत्र किती किलोमीटर, किती चढ, किती वेळ, सारे हिशेबासकट सांगते. साठीच्या माणसाला उधारीपेक्षा रोख आवडली, तर त्याला नावे कशी ठेवायची?

आणि नुसती रोखच नाही, या मंडळींत परीक्षाही असतात! त्यांना ‘ब्रेव्हे’ म्हणतात; शब्द फ्रेंच आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत. एकाच हंगामात चारही पार केल्या, तर ‘सुपर रँडोनर’ ही पदवी मिळते. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोहोचला तो पास, मग तो अर्धा तास आधी पोहोचो की अर्धा मिनिट. या साऱ्या प्रकाराची काशी म्हणजे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची बाराशे किलोमीटरची फेरी. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली आणि शार्ल तेराँ नावाच्या फ्रेंच गड्याने ती एकाहत्तर तासांवर काही मिनिटांत, जवळजवळ न झोपता, जिंकली. आता ती चार वर्षांतून एकदा भरते, नव्वद तासांची मुदत असते, आणि २०१९ व २०२३ या दोन्ही खेपांना भारतातून शेकडो लोक तिथे गेले होते. मास्तरांनी अजून दोनशेचीसुद्धा दिलेली नाही. पण त्यांच्या बोलण्यात ‘बीआरएम’ हा शब्द हल्ली ‘भीमपलास’ पूर्वी येई तितक्या सहजपणे येतो.

ही गोष्ट एकट्या देवरुखची नाही. इंग्लंडचा सर एडवर्ड एल्गार हा संगीतकार घ्या. १८५७ साली वूस्टर गावाजवळ जन्मलेला, बापाचे वाद्ये विकण्याचे दुकान. मुलाने व्हायोलिन हाती धरले, मैफली वादक व्हायचे म्हणून लंडनला जाऊन धडे घेतले. पण आपला हात तितका मोठा होणार नाही हे त्याने ओळखले आणि तो नाद सोडला. पुढे पोटासाठी शाळेतल्या मुलींना व्हायोलिन शिकवी आणि त्या कामाला मनापासून कंटाळे. १८९९ मध्ये ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ने त्याचे नाव झाले, आणि लगेच पुढच्या वर्षी, त्रेचाळीस वर्षांचा असताना, तो सायकल चालवायला शिकला. मॅल्व्हर्नच्या टेकड्यांत त्याने सायकलवर मैलोन् मैल भटकंती केली. त्याच्या ‘सनबीम’ सायकलीला त्याने लाडाचे नाव ठेवले होते ‘मिस्टर फीबस’. फीबस म्हणजे ग्रीकांचा अपोलो, आणि अपोलो हा प्रकाशाचा जसा देव तसाच संगीताचाही! हेरफर्डच्या कॅथीड्रलपाशी २००५ साली त्याचा पुतळा उभारला, तो सायकलीसह आहे.

पण एल्गारचे उदाहरण मास्तरांना सांगण्यात एक अडचण आहे. त्याची सायकल संगीताच्या आड आली नाही. सायकल शिकल्यावर दहा वर्षांनी, १९१० मध्ये, त्याने व्हायोलिनसाठी एक भला मोठा कन्चेर्टो लिहिला. म्हणजे वाद्य हातातून सुटले होते, डोक्यातून नव्हे. रचना करणाऱ्याचे काम टेकडी चढतानाही चालू राहते. साथीदाराचे चालत नाही. पेटीमास्तर आंबा घाटात मनातल्या मनात कितीही बागेश्री आळवोत, इकडे बैठकीत त्यांची जागा रिकामीच राहते.

म्हणून जवळचे उदाहरण जर्मनीचे. ड्युसेलडॉर्फ शहरात १९७० मध्ये राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियन श्नायडर या दोन तरुणांनी ‘क्राफ्टवेर्क’ नावाचा वाद्यमेळ काढला. नावाचा अर्थ ‘वीजघर’. आधुनिक पाश्चात्त्य तरुण संगीतात जो यंत्राचा, विजेचा नाद आज सर्रास ऐकू येतो, त्याच्या आद्य प्रवर्तकांत यांची गणना होते. श्नायडर मुळात बासरी वाजवी. तीही त्याने पुढे बाजूला ठेवली. १९८०च्या सुमारास या दोघांना सायकलीने झपाटले. साधेसुधे नव्हे, दौऱ्यावर असताना गाव यायच्या आधीच बसमधून उतरून उरलेली वाट सायकलने काटायची, इथपर्यंत मजल गेली असे सांगतात. १९८३ मध्ये त्यांनी ‘तूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीवर गाणे केले. त्यात सायकलस्वाराचा श्वास आणि साखळीचा खळखळाट तालासारखा वापरला आहे. त्याच सुमारास ह्यूटर सायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागून रुग्णालयात राहिला. इकडे नवे काम मंदावले. १९८६ नंतर सर्वस्वी नव्या गाण्यांची तबकडी निघाली ती एकदम २००३ मध्ये, तूर द फ्रान्सच्या शताब्दीला. आणि तिचा विषय? पुन्हा तीच शर्यत!

वाचकांना यात गंमत वाटेल. मला मात्र त्या मेळातले दुसरे दोघे आठवतात: वोल्फगांग फ्लूर आणि कार्ल बार्टोस. दोघेही तालवादक. म्हणजे आपल्या हिशेबाने तबलजीच. म्होरके सायकलवर गेले की यांनी स्टुडिओत बसून करायचे काय? फ्लूर १९८७ मध्ये बाहेर पडला, बार्टोस १९९० मध्ये. कारणे एकापेक्षा जास्त होती. नव्या यंत्रांची जुळवाजुळव होती, म्होरक्यांचा अति काटेकोरपणा होता. पण फ्लूरने पुढे आत्मचरित्र लिहिले, त्यात सायकलीविषयीची कडू तक्रार आहेच. तो म्होरक्यांवर जितका रागावलेला दिसतो, तितकाच त्यांच्या सायकलींवरही.

आमच्या तबलजींनी आत्मचरित्र लिहिलेले नाही. पण एकदा ते मला म्हणाले, “त्यांचं बरं झालं, त्यांना चढ मिळाला. मी एकटा काय वाजवू? तबला एकट्याने वाजतो तो मोठ्या लोकांचा. माझा तबला साथीचा. पेटी नाही तर माझा ठेका म्हणजे नुसतं दार वाजवणं.” त्यांच्या ओळखीतल्या एक वयस्क बाई आहेत, नाट्यगीते फार गोड गातात, त्यांचीही गुरुवारची बैठक बंद पडली. मोबाइलवर तंबोऱ्याचा सूर लावता येतो, पण तो गायिकेचा दम पुरेनासा झाला तर तेवढी जागा भरून काढत नाही. पेटीमास्तर भरून काढीत. एका माणसाने वाद्य खाली ठेवले की तीन माणसे गप्प होतात, हा हिशेब हँडलवरच्या यंत्रात दिसत नाही.

सायकल आणि वाद्य यांचे आणखी एक भांडण आहे, ते हातांवरून. लांब पल्ल्यावर तासन् तास हँडलवर भार देऊन बसले, की तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला असलेली नस दबते. कोपर कशावर आपटला की जिच्यामुळे झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात, तीच ही ‘अल्नार’ नस. ती दबली की अनामिका आणि करंगळी बधिर होतात. कधी घरी आल्यावर तासाभरात जाग येते, कधी कित्येक दिवस लागतात. डॉक्टर लोक याला ‘सायकलिस्ट्स पाल्सी’ म्हणतात. कारकुनाचे त्यावाचून अडत नाही, पण पेटीवाल्याची द्रुत तान शेवटच्या दोन बोटांशी येऊन अडखळते. तबलजीला तर अनामिकेचे टोक शाईच्या कडेला हलके टेकवूनच ‘ना’ काढायचा असतो. उपाय साधे आहेत. हातांची जागा वरचेवर बदलावी, गादीचे हातमोजे घालावेत, हँडल थोडे उंच करून घ्यावे आणि बधिरपणा रेंगाळला तर सायकलीला सुट्टी देऊन वैद्य गाठावा. ज्यांच्या घरात वाद्य आणि सायकल दोन्ही नांदतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आणि पेटीचे काय होते? ती काही वाट पाहत तशीच बसत नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात. सुरांच्या पितळी पात्यांवर हिरवट डाग चढतो. भात्याचा कागद नि चामडे म्हणजे झुरळांची मेजवानी. वाजती पेटी या सगळ्यातून तगते, कारण तिच्यातून वारा खेळत असतो. मुकी पेटी दोन पावसाळ्यांत जाते. सायकलीची चेन गंजली तर बाजारात नवी मिळते. जुन्या पेटीचा सूर गेला तर तसाच दुसरा मिळत नाही.

गेल्या श्रावणात हेच झाले. देवळात सप्ताह होता, कीर्तनकार परगावचे. पाऊस इतका लागला होता की सायकल पंधरा दिवस पडवीतच उभी. मास्तरांना सुटका नव्हती. ते आले, पेटी आली. गवसणी काढली, भाता उघडला आणि मधल्या सप्तकातला गंधार बोलेना! बाकी सारे सूर शाबूत, तेवढाच मुका. पूर्वरंगभर मास्तर त्या एका खड्ड्याला वळसा घालून वाजवीत होते. रस्त्यावरचा खड्डा चुकवावा तसे, असे मी म्हणणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहून बोललो नाही. घामाने डबडबले होते. आंबा घाटातही इतका घाम आला नसेल.

सप्ताह संपला. पाऊस उघडल्यावर मास्तरांनी पेटी उघडून त्या गंधाराचे पाते काढले, कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातले आणि सायकल काढली ती रत्नागिरीच्या रस्त्याला. पन्नासएक किलोमीटर जायचे, तितकेच यायचे. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पाते घासले, सुरात आणले, चहा पाजला. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मास्तर परत हजर.

तेव्हापासून पेटी कपाटावर नाही, पण मास्तरांच्या मांडीवरही नाही. तबलजींनी आपल्या शेजारची नववीतली एक मुलगी धरून आणली आहे. तिची बोटे अजून कच्ची आहेत आणि गाणाऱ्या बाईंचा श्वास कुठे तुटतो हे तिला उमगलेले नाही. पण गुरुवार पुन्हा सुरू झाला आहे, मास्तरांच्याच माजघरात, मास्तरांच्याच पेटीवर. मास्तर त्या वेळी पडवीत असतात. शुक्रवारची तयारी चाललेली असते. चेनला तेल, चाकात हवा. परवा मी गेलो तेव्हा आत काहीतरी पटदीपासारखे चालू होते. मास्तरांचा हात एकदम थांबला.

“गंधार अजून किंचित चढा बोलतोय,” ते आत ओरडून म्हणाले.

आतून तबलजींचा आवाज आला, “मग उतरवून आणा! उद्या नाहीतरी रत्नागिरीच आहे ना तुमची?”